नाथसागरात फिशफाइंडर : घ्यावा का, आणि घेतला तर कोणता?

वाचकाचं पत्र

मी गंगापूर तालुक्यातला, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करतो. गेल्या साली थर्माकोलच्या तराफ्यावरून फायबरच्या होडीवर आलो. मागे लहान पेट्रोल इंजिन आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून जीपीएसवाला फिशफाइंडर, पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारं मशीन, घ्यायचं डोक्यात बसलंय. दुकानदार म्हणतो नऊ इंची घ्या, सोबत नकाशाचं कार्ड घ्या. कोकणातला एक मित्र त्याच्या ट्रॉलरवरचं जुनं मशीन स्वस्तात देतो म्हणतो. वडील म्हणतात, "पाणी वाचायला डोळे लागतात, डबडं नाही." जाळं बहुतेक तंगूसाचं (बारीक नायलॉन धाग्याचं), संध्याकाळी टाकतो, पहाटे काढतो. थंडीत धुकं पडलं की आपलंच जाळं सापडत नाही, एकदा उन्हं वर येईस्तोवर शोधत होतो. कोणतं मशीन घ्यावं, कसं वापरावं आणि पैसे वसूल होतील का? आणखी एक, मशीनमध्ये साठवलेल्या जागा आमच्या मच्छीमार संस्थेतल्या बाकीच्यांना दाखवाव्यात का?

उत्तर

भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ धुक्याची आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. तिच्यावरूनच सांगतो. मशीन घ्या, पण मासे दाखवेल या आशेवर घेऊ नका. तळ दाखवणारं आणि जागा लक्षात ठेवणारं यंत्र म्हणून घ्या. त्या हिशेबाने चार-पाच इंची पडद्याचं, बटणांचं, जीपीएस असलेलं आणि तुमच्याच फेऱ्यांवरून तळाचा नकाशा काढून देणारं साधं मशीन पुरतं. नऊ इंची पडदा आणि ते कार्ड दुकानदाराकडेच राहू द्या.

नाथसागर नजर पोचणार नाही एवढा पसरलाय, पण खोल नाही. धरण पूर्ण भरलं की २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी साधारण ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. भागाकार करा, सरासरी खोली येते आठ मीटरच्या जराशी वर, म्हणजे सत्तावीस फूट. तीही काठोकाठ भरलेल्या धरणाची. तुमच्या बाजूच्या फुगवट्यात गोदावरीचं जुनं पात्र सोडलं तर पाणी त्याहून उथळ. या उथळपणावरच पुढचा सगळा निर्णय बसतो.

होडीखाली जो ट्रान्सड्यूसर, म्हणजे सेन्सर लावतात तो आवाजाचे ठोके पाण्यात सोडतो. आपल्या कानांना ते ऐकू येत नाहीत. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर जातो. तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन खोली काढतं. वाटेत मासा आला तर त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरूनही आवाज परततो आणि पडद्यावर खूण उमटते. पण हा आवाज सगळीकडे जात नाही. टॉर्चचा झोत खाली मारावा तसा तो शंकूच्या आकारात उतरतो. २०० किलोहर्ट्झच्या सुरावर हा शंकू साधारण वीस अंशांचा असतो, म्हणजे तळाशी त्याची रुंदी खोलीच्या एक तृतीयांश. पंधरा फूट पाण्यात तुमचं मशीन तळावरचा पाच फुटांचा गोल बघतं. तेवढंच. होडीच्या चार हात बाजूने रोहूचा थवा गेला तरी त्याला पत्ता नाही.

आता आपले मासे घ्या. कटला वरच्या थरात चरतो. तिथे शंकू हातभर रुंद असतो, शिवाय सेन्सरच्या अगदी जवळचे दोन-तीन फूट पडद्यावर नुसत्या कचऱ्याने भरलेले असतात. कटला दिसत नाही. मृगळ तळाला चिकटून चरतो, त्याची खूण तळाच्या रेषेतच मिसळते. चिलापी आणि मरळ काठाच्या गवतात, जिथे इंजिनाच्या आवाजाने आधीच पळापळ झालेली असते. राहिला रोहू, मधल्या पाण्यातला. तो मात्र चांगला दिसतो. म्हणून म्हटलं, मासे दाखवणारं यंत्र म्हणून पैसे मोजले तर चार महिन्यांत ते माळ्यावर जाईल.

कोकणातल्या मित्राचं मशीन नको. ट्रॉलरवरची यंत्रं वीस-तीस वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यासाठी आणि त्याहून खोल जाण्यासाठी घेतलेली असतात. ती बहुतेक ५० किलोहर्ट्झवर चालतात. हा आवाज खोल जातो, पण तपशील जाड येतो आणि शंकू फार रुंद असतो. पंधरा फुटांत तळ, दगड, मासा सगळं एकात एक मिसळून दिसेल. वीज जास्त खाईल ते वेगळंच. त्यात २०० किलोहर्ट्झची सोय असेल, जीपीएस असेल, १२ व्होल्टवर चालत असेल आणि सेन्सर सोबत मिळत असेल तर विचार करा. यातलं एक जरी नसलं तरी मित्राला चहा पाजून परत पाठवा. तिकडच्या मासेमारांना हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासे कुठे सापडतील याचे अंदाज उपग्रहावरून मिळतात. तो कारभार समुद्राचा आहे, धरणाला त्याचा उपयोग नाही.

नवं घेताना पेटीवर 'चर्प' लिहिलंय का बघा. यात मशीन एकाच सुराऐवजी सुरांचा एक पट्टा सोडतं, त्यामुळे तळाजवळचा मासा आणि तळ थोडे वेगळे दिसतात. उथळ पाण्यात हा फरक जाणवतो. 'डाउन इमेजिंग' किंवा तत्सम नावाची सोय मिळाली तर उत्तम. ती ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झच्या पातळ पट्ट्याने तळाचं जवळपास चित्र काढते आणि बुडालेली बाभूळ बाभळीसारखी दिसते. बाजूला बघणारी 'साइड इमेजिंग' आणि हलते मासे दाखवणारी 'लाइव्ह' यंत्रं फार महाग. गळाच्या स्पर्धांना जाणारे लोक ती घेतात. तंगूसाच्या जाळ्याला त्यांची गरज नाही.

नकाशाच्या कार्डाचं सांगतो. ही कार्डं समुद्रकिनाऱ्यांची आणि अमेरिका-युरोपातल्या तळ्यांची असतात. नाथसागराचा तळ त्यात मिळेल या भरवशावर पैसे टाकू नका. निळा डाग दिसेल, खोली दिसणार नाही. त्याऐवजी मशीनला स्वतः नकाशा काढता येतो का ते विचारा. गार्मिन कंपनीच्या मशीनमध्ये या सोयीला 'क्विकड्रॉ' म्हणतात, हमिनबर्डमध्ये 'ऑटोचार्ट लाइव्ह', लॉरन्समध्ये 'जेनेसिस लाइव्ह'. मॉडेलगणिक फरक असतो, म्हणून नाव वाचूनच घ्या. उदाहरणार्थ, गार्मिनच्या साध्या स्ट्रायकर ४ मध्ये जागांच्या खुणा साठवता येतात पण क्विकड्रॉ नाही. स्ट्रायकर प्लस आणि स्ट्रायकर व्हिव्हिड मालिकांत ते आहे. हळू चालत एका भागावर आडव्या-उभ्या फेऱ्या मारल्या की पडद्यावर एकेका फुटाच्या खोलीच्या रेषा उमटत जातात. जाळं टाकायला जाता-येता रोज थोडी वेगळी वाट धरली तरी एका हंगामात तुमचा पट्टा भरून निघतो, पेट्रोल वेगळं जाळावं लागत नाही.

इथे धरणाची एक गोम आहे, जी या यंत्रांच्या माहितीपुस्तकात नीटशी नसते. समुद्राची भरती-ओहोटी रोज येते-जाते. आपल्या धरणाचं पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरात चढतं आणि मग मेपर्यंत नुसतं उतरत राहतं. वाईट वर्षी वीस-पंचवीस फूटही उतरतं. ऑक्टोबरात 'इथे बावीस फूट' म्हणून केलेली नोंद मार्चमध्ये खोटी पडते. त्यावर उपाय सोपा आहे. जायकवाडीची पातळी रोज फुटांत जाहीर होते, पूर्ण भरलेलं धरण म्हणजे १,५२२ फूट. तेव्हा मशीन मीटरवर ठेवू नका, पहिल्या दिवशीच फुटांवर करा. मग नोंद खोलीची करू नका, तळाच्या उंचीची करा.

समजा आज पातळी १,५१९ आहे. एका खडकावर मशीन २३ फूट दाखवतंय. सेन्सर पाण्याखाली एक फूट आहे, म्हणून खरी खोली २४. १,५१९ मधून २४ गेले, राहिले १,४९५. खुणेचं नाव ठेवा 'खडक १४९५'. मार्चमध्ये पातळी १,५०८ वर आली की पेपर बघून घरीच कळतं, त्या खडकावर आता तेरा फूट पाणी. जाळं किती उंचीचं न्यायचं ते घाटावरच ठरतं. आणि एखाद्या खोडाची नोंद १,५०६ ची असेल तर कळतं की ते दोन फुटांवर आलंय, इंजिन तिथून न्यायचं नाही. सेन्सर किती खाली आहे तो आकडा सेटिंगमध्ये एकदा भरून ठेवलात तर ती एक फुटाची बेरीजही मशीन करतं. क्विकड्रॉसारख्या नकाशातही पातळीतला फरक भरायची जागा असते. ती शोधून ठेवा, नाहीतर ऑक्टोबरच्या आणि फेब्रुवारीच्या रेषा एकमेकींत घुसतील.

तळाची सगळ्यात चांगली मोजणी तर पाण्याशिवाय होते. मेमध्ये पाणी मागे सरतं, लोक गाळपेरा करतात (उघड्या पडलेल्या गाळात पेरतात), जुन्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, पांदीचे दगड उघडे पडतात. तेव्हा वडिलांना घेऊन पायी फिरा आणि मोबाइलवर जागा टिपून घ्या. मोबाइलचा जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतो, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो. विहीर, बांध, बाभळीची खोडं, ओढा जिथे पात्राला मिळतो ते तोंड, शेतकऱ्यांनी टाकून दिलेले पाइप, सगळं टिपा. मग ते आकडे मशीनमध्ये भरा. दोन-चार तासांच्या पायपिटीत जेवढं कळेल तेवढं मशीनवर वर्षभरात कळणार नाही. आणि कुठल्या बांधाला कोणता मासा लागतो हे वडील चालता चालता सांगतील, ते मशीनच्या कुठल्याच मेनूत नाही.

आता पडदा वाचायचं. पडदा म्हणजे होडीखालचा फोटो, हा समज आधी काढून टाका. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता, या क्षणी होडीखाली काय आहे ते. डावीकडे सरकत गेलेलं सगळं होऊन गेलेलं. डाव्या बाजूला मासा दिसला म्हणून होडी डावीकडे वळवणारे लोक आहेत, हसू नका. होडी थांबलेली असली तरी पडदा सरकतच राहतो. तेव्हा तळ सपाट दिसतो, कारण मशीन तोच पाच फुटांचा गोल पुन्हा पुन्हा मोजत असतं. होडी हळू चालू असताना मासा शंकूतून आरपार गेला तर कमान उमटते. थांबलेल्या होडीखाली मासाही थांबला तर लांब रेघ येते. कमानीच्या लांबीवरून माशाचं वजन सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, लांबी होडीच्या वेगावर ठरते. जाडी थोडंफार सांगते.

तळाची रेषा जाड, भडक आणि तिच्या दुप्पट खोलीवर तशीच एक फिकट रेषा दिसली तर खाली खडक किंवा कडक मुरूम. आवाज तळावरून वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर आपटतो आणि पुन्हा खाली जाऊन येतो, त्याची ती दुसरी रेषा. ती बघायची तर पडद्याची खोली दुपटीहून जास्त ठेवावी लागते : पंधरा फूट पाण्यात चाळीसवर. रेषा बारीक आणि पुसट असेल तर गाळ. फुगवट्यात गाळच जास्त, म्हणून कडक तळाचा तुकडा सापडला की खूण करा. गोदावरीचं जुनं पात्र ओलांडताना असं दिसतं : सपाट अठरा फूट, अठरा, एकोणीस, मग एकदम तीस-बत्तीस, थोडा वेळ तिथेच, आणि पलीकडे पुन्हा वर. ती कड महत्त्वाची. कायगाव टोक्याच्या, जिथे प्रवरा येऊन मिळते त्या भागापासून खाली ही कड टिपत आलात तर पाणी उतरल्यावर मासा कुठे गोळा होणार याचा अंदाज तुमच्याकडे लेखी असेल. जाळं कडेला आडवं टाकायचं की समांतर, हे मात्र मला विचारू नका. घरात विचारा.

उन्हाळ्यात गाळातून बुडबुडे सुटतात. पडद्यावर ते खालून वर तिरक्या चढणाऱ्या रेघा म्हणून येतात आणि नवखा माणूस तिथे जाळं टाकून मोकळा होतो. मासा असा शिडी चढल्यासारखा सरळ वर जात नाही. म्हणून मशीन आल्यावर पहिलं काम, माशांची चित्रं दाखवणारी 'फिश आयडी' बंद करा. ती बुडबुड्यालाही मासा म्हणते आणि बुडालेल्या फांदीलाही. संवेदनशीलता सुरुवातीला ऑटोवर असू द्या. पाणी गढूळ असताना पडदा ठिपक्यांनी भरला तर थोडी कमी करा, पण तळाची दुसरी रेषा नाहीशी होईल इतकी नको. उथळ पाण्याचा इशारा तीन-चार फुटांवर लावा. पंख्याची पाती त्याने वाचतात.

धुक्यासाठी आता. जाळं टाकताना एका टोकाची खूण, मग दुसऱ्या टोकाची. नावं छोटी : 'ज१ अ', 'ज१ ब'. अक्षरं मेनूतल्या इंग्रजीतच टाकावी लागतील, चालतं. पहाटे त्या खुणेवर 'गो टू' दाबा, मशीन दिशा आणि अंतर दाखवतं. जीपीएस तीन ते पाच मीटरपर्यंत नेऊन सोडतो, तिथून जाळ्याचा तरंगता डबा डोळ्यांनी दिसतो. डब्यावर रेडियमची पट्टी चिकटवा, टॉर्च मारला की चमकते. काही रुपयांचं काम आहे आणि खरं सांगू, निम्मी पहाट तीच वाचवते. जाळं काढलं की खूण पुसा, नाहीतर महिन्याभरात पडद्यावर ठिपकेच ठिपके होतात. हे सगळं दगडाने नांगरलेल्या जाळ्यासाठी. वाहतं जाळं टाकत असाल तर खुणेपासून ते किती सरकलं ते वाऱ्यावर.

घाटावरून निघतानाच माग नोंदवणं चालू करा. येताना त्याच रेषेवरून परत आलात तर ज्या वाटेवर जाताना खोड लागलं नाही, येतानाही लागणार नाही. नाथसागरात वारा सुटला की उथळ पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात आणि किनारा दिसत असूनही आपला घाट कुठला ते कळत नाही. हे तुम्हाला सांगायला नको. पण एक सांगतो : मशीनचं बजेट आणि लाइफ जॅकेटचं बजेट वेगळं ठेवा. घरातल्या प्रत्येक होडीवरच्या माणसाला जॅकेट नसेल तर आधी ते, फिशफाइंडर पुढच्या साली.

बसवण्याचं थोडक्यात. सेन्सर होडीच्या मागच्या फळीवर, बुडाशी सपाट, पंख्यापासून किमान सव्वा फूट लांब, फेस येत नाही अशा जागी. फायबरला थेट भोकं पाडू नका. आधी एक प्लास्टिकची जाड फळी पक्की बसवा आणि सेन्सर तिच्यावर वर-खाली करून जागा ठरवा. चालत्या होडीत खोलीचा आकडा नाहीसा होत असेल तर सेन्सर वर आहे किंवा बुडबुड्यांत आहे. एकसंध फायबर असेल तर आतून चिकटवूनही चालतो, थोडी ताकद कमी होते. लाकूड, पत्रा किंवा मध्ये फोम असलेल्या बुडातून आवाज जात नाही. तराफ्यावर लावायचा असेल तर पीव्हीसी पाइपाच्या टोकाला बांधून बाजूने खाली सोडा. वायर लांब वाटली तरी कापू नका, गुंडाळून ठेवा.

बॅटरीसाठी वेगळा खर्च बहुधा लागणार नाही. घरी फवारणीचा बॅटरी पंप असेल तर त्यातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी चालते. चार-पाच इंची मशीन साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेतं. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही असा नियम धरला तरी सात-आठ तास सहज निघतात. चार्जरही तोच. लाल तारेवर माहितीपुस्तकात सांगितलेला फ्यूज लावाच आणि बॅटरी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. फवारणीच्या दिवसांत पंप आणि होडी यांची बॅटरीवरून भांडणं होतील, ती तुमची तुम्ही मिटवा.

दुकानात पडद्यावर पोहणारे सुंदर मासे बघून भुलू नका, तो डेमो असतो, भिंतीला टांगलेल्या मशीनखाली पाणी नसतं. तोच डेमो घरी आणल्यावर उपयोगी पडतो, ओट्यावर बसून सगळी बटणं शिकून घ्या. भर उन्हात पडदा दिसतो का ते मात्र दुकानाबाहेर नेऊन बघा. बटणांचं घ्या म्हटलं ते ओल्या, खवल्यांच्या हातांसाठी. पाण्यापासून संरक्षण आयपीएक्स७ असावं. पेटीत सेन्सर आहे ना, हे उघडून बघा, नुसता पडदाही विकला जातो. आणि बिल घ्या. बाहेरून आणलेल्या मालाला भारतात वॉरंटी लागू होतेच असं नाही, ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

पैसे वसूल होतील का? ते मी सांगण्यापेक्षा तुम्हीच महिनाभर काढा. वॉटरप्रूफ पिशवीत मोबाइल घाला, जाळ्याच्या टोकांच्या खुणा त्यावर करा, खोलीसाठी दोरीला वजन बांधून फुटाफुटावर गाठी मारा. शोधण्यात किती पेट्रोल गेलं, किती जाळं फाटलं, याची वही ठेवा. महिन्याअखेरीला मोबाइल बाहेर काढायचाच कंटाळा आला असेल तर मशीनही तसंच पडून राहील. खुणांची सवय लागली असेल तर बेधडक घ्या. कर्ज काढून मात्र नको. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात होडी, जाळी आणि सुरक्षा साहित्याच्या योजनांची चौकशी संस्थेच्या लेटरहेडवर करा, एकट्याने गेलात तर हेलपाटे वाढतात. आणि नाथसागराला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. इंजिन घेऊन कुठवर जाता येतं हे वनविभागाकडून समजून घ्या. थंडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) जिथे उतरतात त्या उथळ कडांवर तळ मोजत फिरायचं तर अजिबात कारण नाही.

शेवटचा तुमचा प्रश्न खुणांचा. त्यांचे दोन ढीग करा. खोडं, विहिरी, बुडालेले बांध, पाणी उपसायच्या मोटारींच्या वायरी, पाइप, या धोक्याच्या खुणा संस्थेतल्या प्रत्येकाला द्या, आकडे कागदावर लिहून घाटावरच्या टपरीत लावा. कुणाची होडी त्यावर फुटली तर शोधायला तुम्हालाच जावं लागणार आहे. मासे लागणाऱ्या जागा तुमच्या. त्या कुणी मागितल्या तर वडील आजवर काय उत्तर देत आले असतील तेच द्या. फक्त मशीनच्या पडद्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या आधी त्याच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश दिसतायत का ते बघा.